ताणाचा पैरा

माझ्या नावावर एक शोध आहे. तो खरा की खोटा, हे मला आजतागायत नक्की सांगता येत नाही. विद्यापीठातल्या माझ्या सहकाऱ्यांना याची गंमत वाटते. जिला स्वतःच्या शोधाबद्दल एवढंही कळत नाही तिला मानसशास्त्र विभागात ठेवलंय कशाला, असं एकाने चहा पिताना तोंडावर विचारलं. मी म्हटलं, बाबा रे, मलाही तोच प्रश्न पडलाय. आणि चहा संपवला.

पण मुळापासून सांगते, म्हणजे तुमचा तरी माझ्याइतका गोंधळ उडणार नाही.

ही गोष्ट चिकटीपासून सुरू होते. सरकारी कागदांत तिचं नाव भलंमोठं होतं, पण मुलांनी पहिल्याच आठवड्यात तिला चिकटी केलं आणि तेच टिकलं. मनगटाच्या आतल्या बाजूला लावायची कातडीच्या रंगाची छोटी पट्टी. ती घामातलं कॉर्टिसॉल मोजते. हे संप्रेरक निरोगी माणसात सकाळी भरपूर असतं आणि दिवस कलतो तसं उतरत जातं. ताण मुरलेल्या माणसात हा उतार सपाट होतो, म्हणजे सकाळी उठायला बळ नाही आणि रात्री झोप नाही. चिकटी नाडीही बघते. लोकांना वाटतं शांत माणसाची नाडी घड्याळासारखी एकसारखी चालत असेल. उलट आहे. शांत माणसाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर सतत थोडंथोडं कमीजास्त होत असतं, आणि माणूस धास्तावला की ते एकसारखं होतं. घाम, नाडी आणि झोप या तिन्हींचा मेळ घालून चिकटी एक आकडा काढायची. त्याला आम्ही समायोजनांक म्हणायचो. नव्या जागी माणूस किती रुळला, याचं ते माप. आकडा चांगला असला की हिरवा रंग, घसरला की पिवळा, फारच घसरला की लाल.

काही विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांनंतर राज्यभर ओरड झाली होती, त्यातून चिकटी सक्तीची झाली. हेतू चांगलाच होता, नियम ठरवणाऱ्यांत मी स्वतः होते. लाल रंग आठवडाभर टिकला की विद्यार्थ्याला एक सत्र ‘सक्तीची विश्रांती’ मिळायची. म्हणजे घरी पाठवायचं, आईबापांच्या मायेत राहायचं, बरं वाटलं की परत यायचं. प्राध्यापकांनाही चिकटी होती, पण आमचा लाल रंग आला की नियम वेगळा. आम्हाला कुणी घरी पाठवत नव्हतं, गुपचूप मनाच्या डॉक्टरची वेळ मिळायची. हा फरक त्या वेळी कुणालाच खटकला नाही, मलाही नाही.

आणखी एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते. ओळख जपण्याचा कायदा कडक होता. चिकटीला घालणाऱ्याचा चेहरा, बोटाचा ठसा, नाडीची ओळख यातलं काहीही साठवायची परवानगी नव्हती. तिला फक्त स्वतःचा नंबर माहीत होता. डॉक्टरलाही नंबरच दिसायचा. नंबर कुणाचा, हे संशोधक म्हणून आम्हा दोघांनाच उघडता यायचं. एक मी, तेजस्विनी जगदाळे, आणि दुसरे आमच्या विभागात गणिताची बाजू सांभाळणारे डॉ. सलील केळुसकर.

आमचं काम गटांचं होतं. मुली आणि मुलगे, शहरातले आणि खेड्यातले, घरून येणारे आणि वसतिगृहात राहणारे, मराठी माध्यमाचे आणि इंग्रजी माध्यमाचे, यांत कोण किती रुळतं याची तुलना. आधीच्या सगळ्या अभ्यासांवरून आमचा अंदाज ठरलेला होता. डोंगरी तालुक्यांतल्या, घरातून पहिल्यांदाच कॉलेज बघणाऱ्या, मराठी शाळेतल्या, वसतिगृहात राहणाऱ्या मुली सगळ्यांत खाली असणार. आमच्या आवारात अशा मुलींचं स्वतंत्र वसतिगृह होतं. सगळे त्याला डोंगरी म्हणायचे. साताऱ्याच्या पश्चिमेला, घाटमाथ्याजवळच्या वाड्यावस्त्यांवरच्या पोरी तिथे राहायच्या.

आकडे आले आणि आम्ही बुचकळ्यात पडलो. डोंगरीतल्या मुली सगळ्यांत शांत निघाल्या. सरासरी विद्यापीठातल्या कुठल्याही गटापेक्षा चांगली होती. दुसरं त्याहून नवलाचं होतं. माणसाचे वाईट दिवस सहसा एकापाठोपाठ येतात, एकदा बिनसलं की आठवडा जातो. डोंगरीत तसं नव्हतं. प्रत्येकीला वाईट दिवस होते, पण एखादाच, मग पुन्हा हिरवं. जणू कुणीतरी ते वाईट दिवस पंगतीत वाढल्यासारखे सगळ्यांच्या पानात थोडेथोडे टाकले होते. मी यावर शोधनिबंध लिहिला, त्याला ‘सामूहिक लवचिकता’ असं भारदस्त नाव दिलं, आणि तो गाजला.

तो जरा जास्तच गाजला. शासनाच्या समितीने तो वाचला आणि त्यातून भलताच अर्थ काढला. या मुली मुळातच खंबीर आहेत, तर डोंगरीसारख्या वसतिगृहांना समुपदेशक कशाला, ते शहरातल्या कॉलेजांना देऊ, असा प्रस्ताव तयार झाला. समिती लवकरच येणार होती आणि मला तिच्यासमोर उभं राहून होकार द्यायचा होता.

त्याच आठवड्यात ईश्वरी कोकरे चक्कर येऊन पडली.

ती पहिल्या वर्षाला होती, सूक्ष्मजीवशास्त्राची. मी तिला ओळखत होते, कारण मुलाखतीसाठी ती एकदा माझ्यासमोर बसली होती. हातरुमालाचं टोक पिळत बसलेली, प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणारी बारकी पोर. तिचा आकडा हिरवागार होता, म्हणून मी ‘मितभाषी, शांत स्वभाव’ असं लिहून मोकळी झाले होते. प्रयोगशाळेत काचेची बशी हातातून पडली आणि पाठोपाठ तीही, असा मला फोन आला.

मी आवारातल्या दवाखान्यात पोचले तेव्हा परिचारिका तिची नाडी मोजत होती. फार जोरात चाललीय, ती म्हणाली, आणि पोटात दोन दिवसांत काही गेलेलं दिसत नाही. मी सवयीने फोन काढून ईश्वरीचा आकडा बघितला. हिरवा. नाडी संथ, बसलेल्या स्थितीत. मी फोन हलवून बघितला. वयाच्या मानाने मला यंत्रांचं बऱ्यापैकी कळतं, पण त्या क्षणी मी खरोखर फोन हलवला.

मग मी तिचं मनगट उलटं केलं आणि चिकटीवरचा नंबर वाचला. तो ईश्वरीचा नव्हता. उघडून बघितलं तर राजनंदिनी सपकाळ, तिसरं वर्ष, डोंगरी. राजनंदिनीची ओळ लालभडक होती. मी तिला फोन लावला. ती वर्गात होती. ईश्वरी पडलीय, दवाखान्यात ये, एवढंच सांगून मी फोन ठेवला.

पुढची काही मिनिटं मी विसरणार नाही. पडद्यावर ईश्वरीचा आकडा बदलायला लागला. संथ नाडी चढली, ‘चालत आहे’ असं आलं, मग ‘धावत आहे’, हिरव्याचं पिवळं झालं. आणि ईश्वरी माझ्यासमोर डोळे मिटून खाटेवर पडलेली होती. मी एकदा पडद्याकडे बघायची, एकदा तिच्याकडे. तेवढ्यात दार ढकलून राजनंदिनी आत आली, धापा टाकत, कपाळावर घाम. तिने आधी ईश्वरीकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या फोनकडे, आणि काय समजायचं ते समजली. तिने स्वतःच बाही वर केली.

तिला मी बाहेरच्या बाकावर नेलं. रागावायचं ठरवलं होतं, पण तिने रागावायला जागाच ठेवली नाही. विचारलं तेवढं सरळ सांगत गेली. डोंगरीत रोज सकाळी नाश्त्याआधी सगळ्या मेसमध्ये बसतात. आज कुणाला काय होतंय, ते सांगतात. कुणाची परीक्षा, कुणाचं घरून भांडण, कुणाला नुसतंच नको वाटतंय. जिला आज बरं वाटतंय ती दुसरीची चिकटी घालते आणि आपली तिला देते. काढल्यावर लगेच दुसऱ्या गरम हातावर लावली की चिकटीला काही कळत नाही. उद्या दुसरी घेईल, परवा तिसरी. त्यामुळे कुणाचाच लाल रंग टिकत नाही.

“आमच्यात याला पैरा म्हणतात, मॅडम,” ती म्हणाली. “आज मी तुझ्या रानात भांगलायला येते, उद्या तू माझ्या रानात ये. तसंच केलं आम्ही.”

पैरा काय ते मला सांगायची गरज नव्हती. फलटणजवळच्या आमच्या गावी आई आयुष्यभर पैऱ्याने कामाला गेलेली आहे. पण तो शब्द खुरप्याबरोबर गावीच राहिला होता. तो इथे, विद्यापीठाच्या दवाखान्याबाहेर असा समोर येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

मी विचारलं, पण का? तुमच्या काळजीसाठीच तर ही चिकटी आहे. राजनंदिनीने बाही खाली ओढली. मग तिने समृद्धीचं सांगितलं. तिच्याच खोलीतली मुलगी, पहिल्या वर्षाला असताना लाल रंग टिकला, सक्तीची विश्रांती मिळाली. घरच्यांनी विद्यापीठाचं पत्र वाचलं, पोरीच्या डोक्यावर परिणाम झालाय असा त्याचा अर्थ लावला, आणि गावभर व्हायच्या आत तिचं लग्न लावून टाकलं. ती परत आली नाही. आमच्या दप्तरी तिच्या नावापुढे ‘विश्रांतीनंतर प्रकृती स्थिर’ असं लिहिलेलं आहे. ते मी नंतर जाऊन बघितलं.

“ईश्वरीचा चुलता दोनदा विचारून गेलाय, तिला घरी कधी सोडता म्हणून,” राजनंदिनी म्हणाली. “तिला घरी पाठवलं की संपलं, मॅडम. तुम्हाला आधी कळलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?”

मी पाठवलं असतं. नियमच तो होता, आणि तो करायला मीही हातभार लावला होता. तिला ते माझ्या चेहऱ्यावरून कळलं असणार.

दुपारी मी केळुसकरांना सगळं सांगितलं. ते कोकणातले, स्वभावाने शांत, पण या वेळी त्यांचाही पारा चढला. आपला सगळा डेटा पाण्यात गेला, ते म्हणाले, निबंध मागे घ्यावा लागणार, आणि उपकरणाशी छेडछाड म्हणून पोरींवर कारवाई होणार ती वेगळीच. मग ते फळ्याजवळ गेले. त्यांना विचार करायचा असला की ते खडू हातात घेतात, आमच्या विभागात खडू वापरणारे तेच एकटे उरलेत. त्यांनी काही चौकोन काढले, बाण काढले, आणि एकदम थांबले.

“तेजस्विनी, बेरीज बदलत नाही,” ते म्हणाले.

मला आधी कळलं नाही. त्यांनी समजावून सांगितलं. चिकट्या आपसांत बदलल्या तर कुणाचा आकडा कुणाच्या नावावर हे बदलेल, पण सगळ्या मुली त्याच आणि सगळ्या चिकट्याही त्याच. एकीचं ओझं दुसरीच्या नावावर गेलं तरी एकूण ओझं तेवढंच राहणार. म्हणजे अदलाबदलीने गटाची सरासरी सुधारूच शकत नाही. आणि डोंगरीची सरासरी तर खरोखरच सगळ्यांत चांगली होती. प्रत्येक ओळ खोटी, पण बेरीज खरी. त्या मुली, गट म्हणून, खरंच इतरांपेक्षा शांत होत्या.

मग त्या शांत कशामुळे, असं मी विचारलं. दोघांनाही उत्तर दिसत होतं, फक्त ते निबंधात लिहिण्यासारखं नव्हतं. चिकटी कुणी घ्यायची हे ठरवण्यासाठी त्यांना रोज सकाळी एकमेकींना विचारावं लागत होतं, तुझं आज कसं आहे. इतर वसतिगृहांत हे कुणी कुणाला विचारत नव्हतं, कारण तिथे ते काम चिकटी करत होती. आमच्या यंत्राला फसवता फसवता पोरींनी यंत्रापेक्षा चांगलं काहीतरी उभं केलं होतं. मला हसावं की रडावं कळेना, आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटला.

केळुसकरांचं म्हणणं सरळ होतं. आपला निबंध सरासरीबद्दल आहे, सरासरी बरोबर आहे, मग गप्प बसायला काय हरकत आहे? पोरी वाचतील, निबंध वाचेल. मी म्हटलं, आणि समुपदेशक जाईल त्याचं काय? आणि ईश्वरी? गट बरा आहे म्हणून ती बरी आहे का? त्यांनी खडू खाली ठेवला. एकीची सरासरी काढता येत नाही, असं काहीसं ते पुटपुटले आणि हात झाडायला बाहेर गेले.

ईश्वरीशी मी दुसऱ्या दिवशी बोलले. तिला सलाईन लावून झालं होतं, दवाखान्याच्या व्हरांड्यात कोवळ्या उन्हात बसली होती. मी तिला घरचं, अभ्यासाचं, इंग्रजीतल्या तासांचं विचारलं. सगळ्याला ती नुसती मान हलवत राहिली. मग मी विचारणं सोडून दिलं आणि शेजारी बसून राहिले. बऱ्याच वेळाने ती आपणहून बोलली.

“माझी पट्टी रोज कुणीतरी घालायचं. इतक्या जणींनी घातली. मग मला बरं वाटायला पायजे होतं ना, मॅडम? मला बरंच वाटंना. पैरा फेडायला माझ्याकडं एक चांगला दिवस निघंना. जेवायची पण लाज वाटायला लागली मला, त्यांच्यासमोर.”

मी इतकी वर्षं मानसशास्त्र शिकवलेली बाई. ताण कशाने वाढतो याची मोठी यादी मला पाठ आहे. मैत्रिणींच्या मायेने वाढतो, हे त्या यादीत कुठेही नाही. आणि तरी ते समोर बसलेलं होतं. या मुलीला घरी पाठवलं तर ती संपणार होती, आणि इथे सगळ्यांनी तिला सांभाळलं तर त्या सांभाळण्याखाली ती दबत होती. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

घरी आल्यावर आईला फोन केला. खरं तर तिला हे सगळं सांगायचं नव्हतं. नुसतं विचारलं, पैऱ्यात एखादीला परत कामाला येणं जमलंच नाही, आजारी असली, अंगात ताकद नसली, तर काय करायचात?

“आगं, पैऱ्यात काय मोजदाद आसती व्हय?” आई म्हणाली. “तिच्या रानात आमी खुरपायला जायचो, तिनं बांधावर बसून पानी द्यायचं. पानी दिलं की फिटलं. पर तिला कामाला लावायचंच. न्हाईतर ती पुन्हा बोलवंना आमाला, आन् तिचं रान तनात जातं.”

मला जे कळायला हवं होतं ते बहुधा त्यात होतं, पण त्या वेळी अर्धवटच कळलं. कळलं ते एवढंच की ईश्वरीला आधी मनाचा डॉक्टर हवा, आणि नियमाने तो तिला मिळणार नाही. तिच्या हातावर तिची स्वतःची चिकटी बसली की आठवड्यात पत्र घरी जाणार. डॉक्टर फक्त आम्हा प्राध्यापकांसाठी होता. त्यालाही फक्त नंबर दिसतो, नाव नाही.

सकाळी मी डोंगरीच्या मेसमध्ये गेले. मला बघून पोरींनी हात टेबलाखाली घेतले. मी राजनंदिनीला सांगितलं, मला पैऱ्यात घ्या. ईश्वरीची चिकटी माझ्या हातावर राहील, माझी तिच्या हातावर. माझ्या नंबरावर लाल रंग आला की डॉक्टरची वेळ येईल आणि त्या वेळेला ईश्वरी जाईल.

राजनंदिनीने विचार केला. मग म्हणाली, चालेल, पण आमचा एक नियम आहे. आपलं कसं आहे ते न सांगता कुणाची पट्टी घ्यायची नाही. तुम्हाला पण रोज सकाळी इथं बसून सांगावं लागेल.

दुसऱ्याला ‘कसं वाटतंय’ विचारायचा मला दांडगा सराव आहे. स्वतःचं सांगायचं म्हटल्यावर माझं घोडं तिथेच अडलं. पोरी वाट बघत होत्या, पोहे निवत होते. शेवटी मी म्हटलं, माझा फार गोंधळ उडालाय. मी काय करतेय ते बरोबर आहे की चूक, मला माहीत नाही. समितीपुढे काय बोलायचं तेही माहीत नाही. आणि घरी असं बोलायला कुणी नाही. हे शेवटचं वाक्य मला बोलायचं नव्हतं, ते आपोआप गेलं. कोपऱ्यातून कुणीतरी हळूच म्हणालं, मग जमेल का मॅडमला, त्यांचंच बरं नाहीये. सगळ्या हसल्या, मीही हसले, आणि ईश्वरीने तिची चिकटी काढून माझ्या मनगटावर लावली. माझी चिकटी दोनच दिवसांत लाल झाली. डॉक्टरच्या वेळेचा निरोप माझ्या फोनवर आला आणि ईश्वरी गेली. डॉक्टर बाई विशीच्या आतल्या प्राध्यापिकेला बघून काही बोलल्या नाहीत. नंतर ईश्वरीने सांगितलं, त्यांनी फक्त विचारलं की जेवतेस का.

समिती आली तेव्हा ईश्वरीची चिकटी माझ्याच हातावर होती. सभागृहात समोर मोठा पडदा, त्यावर नावं झाकून डोंगरीच्या सगळ्या नंबरांच्या ओळी. हिरव्यागार. ईश्वरीचा नंबर मला पाठ झाला होता. मी बोलायला उभी राहिले आणि तेव्हा लक्षात आलं की मी घाबरले तर ईश्वरी लाल होणार. तो नंबर अलीकडे माझ्या हातावर दोनदा पिवळा होऊन गेला होता. माझ्या छातीतला प्रत्येक ठोका तिच्या नावावर चढत होता. मी इतक्या सभा गाजवल्यात, पण आपली नाडी दुसरीच्या कामी येणार आहे, हे डोक्यात ठेवून कधी बोलले नव्हते.

काय बोलायचं ते ठरवूनही मी वेगळंच बोलले. सरासरी खरी आहे, मी म्हटलं, पण तिच्यावरून एकाही मुलीबद्दल काही ठरवू नका. या मुली मुळात खंबीर नाहीत. त्या रोज सकाळी एकमेकींना विचारतात, म्हणून बऱ्या आहेत. आणि तरीही त्यांच्यात एक अशी निघते जिला ते पुरत नाही. तिच्यासाठी समुपदेशक पाहिजे, आणि लाल रंग आला की घरी पत्र न जाता डॉक्टर पाहिजे, जसा आम्हाला मिळतो. अध्यक्ष सज्जन गृहस्थ होते. त्यांनी शांतपणे विचारलं, हे विचारण्याचं तुम्हाला कसं कळलं? तुमच्या निबंधात तर नाही.

खरं सांगितलं तर पोरींवर कारवाई. न सांगितलं तर मी बोलले त्याला आधार नाही. मी समोरचं पाणी संपवलं. पडद्यावर डोंगरीची एक ओळ पिवळी झाली. मग गडद पिवळी. तिथे बसलेल्या कुणाला त्यात काही दिसलं नसेल, मला दुसरं काहीच दिसत नव्हतं.

विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून राजनंदिनी माझ्या शेजारच्या खुर्चीत होती. तिने माझा ग्लास भरण्याचं निमित्त केलं, माझं मनगट टेबलाखाली ओढलं आणि चिकटी सोडवून स्वतःच्या हातावर लावली. स्वतःची तिने माझ्या हातावर दाबली. हे करताना ती अध्यक्षांकडे अदबीने बघत होती. पिवळी ओळ हळूहळू हिरवी झाली, आणि शेजारची एक हिरवी ओळ पिवळी झाली. मी तिने दिलेलं पाणी प्यायले आणि म्हटलं, मला कळलं कारण मीही सकाळी त्यांच्यात बसते. पटत नसेल तर उद्या नाश्त्याला या.

ते आले नाहीत. पण समुपदेशक एक वर्ष राहिला, आणि लाल रंगाच्या पत्राचा नियम फेरविचाराला गेला. अर्धा विजय म्हणा. पराभवही अर्धाच. पुढच्या जूनपासून नवी चिकटी येणार आहे, घालणाऱ्याला ओळखणारी. कायद्यात तशी दुरुस्ती झाली. पैरा बंद होईल. पोरी सकाळी मग बसतील की नाही, मला माहीत नाही. केळुसकर म्हणतात बसतील, सवय लागलीय. राजनंदिनी म्हणते, काम नसलं की बांधावर कोण येतं? दोघांचंही मला पटतं.

निबंध मी मागे घेतला नाही, आणि त्याबद्दल कुठे बोलावलं तर जातही नाही.

परवा सकाळी मेसमध्ये नेहमीसारखं चाललं होतं. कुणाची तोंडी परीक्षा, कुणाचा दात दुखतोय. माझी पाळी आली. मी म्हटलं, आज नीट झोप झाली नाही, आणि विभागात भांडण आहे. पलीकडून ईश्वरी उठली. डॉक्टरकडे जायला लागून बरेच आठवडे झाले होते, वेळा नियमित लागल्यावर माझी चिकटी माझ्याकडे परत आली होती, आणि तिच्या गालांवर थोडं मांस आलं होतं. माझ्यासमोर येऊन तिने हात पुढे केला.

“द्या इकडं. आज माझ्याकडं राहू दे.”

पोरी बघतच राहिल्या, आजवर तिने कुणाची पट्टी आपणहून मागितली नव्हती. मी मात्र घोटाळ्यात पडले. हिला खरंच बरं वाटतंय, की फेडायची घाई झालीय? तिच्या चिकटीवर बघावं, तर ती आज भलत्याच मुलीच्या हातावर होती. मी माझी चिकटी तिच्या मनगटावर लावली, आणि अंगठा तसाच ठेवून तिला विचारलं, खरंच बरं वाटतंय का गं?

“आज वाटतंय,” ती म्हणाली. “उद्याचं उद्या विचारा.”